भिडू फितूर होतो तेव्हा



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच राहिले. ज्याने उभा जन्म कामगारांच्या संघटनेत घालवला, त्याने किमान वेतनावर बोलावे, ऊसतोड मजुरांच्या उचलीच्या हिशेबावर बोलावे. संगणकावरच्या खेळांशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आपल्यापैकीही पुष्कळांच्या मनात तो असेल. म्हणून आरंभीच सांगतो की, आजचे माझे बोलणे जितके खेळाबद्दल आहे तितकेच फितुरीबद्दल आहे. आणि फितुरी म्हणजे काय हे संघटनेत काम करणाऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातले आणि द्वारसभांतले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे पाहिले, वाचले आणि भोगले तेवढेच मी मांडणार आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझा भाचा नांदेडहून इथे डोंगरकड्याला आला होता. रात्री जेवणे आटोपल्यावर मी ओसरीवर वर्तमानपत्र चाळत बसलो होतो आणि तो आतल्या खोलीत संगणकावर खेळत होता. एकाएकी तो कोणाला तरी शिवी देऊन ओरडला. मी धावत आत गेलो. पाहतो तो पोरगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसलेला. मी विचारले, "काय झाले रे?" तो म्हणाला, "मामा, योशिमोने दगा दिला. पहिल्यापासून संगं होता बघा. सगळी कुलपं त्यानंच उघडली." त्या रात्री त्याने खेळ पुढे खेळला नाही. सकाळी चहा पितानाही त्याच्या डोक्यात तेच होते.

हा योशिमो कोण? तो कोणी जिवंत माणूस नव्हे. 'बाल्डर्स गेट'च्या दुसऱ्या भागातला तो एक सोबती आहे. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने हा खेळ २००० साली प्रसिद्ध केला आणि २०१३ साली तो नव्या रूपात पुन्हा आला. ज्याला शरीर नाही, पोट नाही, घरदार नाही, अशा एका चित्राने दगा दिला म्हणून विशीतला शहाणासुरता मुलगा रात्रभर बेचैन होतो, हे काय आहे? या प्रश्नाचा पिच्छा मी पुढे वर्षभर पुरवला. भाच्याकडून खेळ समजून घेतले, स्वतः चुकतमाकत खेळून पाहिले, आणि मिळेल ते वाचले.

प्रथम हे खेळ कसे असतात ते सांगितले पाहिजे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावे, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यावे, कोणी योद्धा व्हावे, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकाने गोष्ट सांगावी आणि फासे टाकून त्या गोष्टीत सर्वांनी मिळून वाट काढावी, असा तो खेळ. भारुडात आणि लळितात सोंगे पाहणाऱ्या आपल्या लोकांना यात काही अपरिचित वाटू नये. पुढे हीच कल्पना संगणकावर आली. टेबलाभोवतीच्या मित्रांची जागा संगणकाने घेतली आणि सोबती हे यंत्राच्या आत राहू लागले. 'बाल्डर्स गेट'मध्ये आपण धरून सहा जणांची टोळी करता येते. म्हणजे पाच सोबती. ते आपल्याबरोबर चालतात, लढतात, जखमी होतात, मुक्काम पडला की बोलतात, आपापसांत भांडतातही.

आपल्याकडे मेंढीकोट खेळणारे पुष्कळ आहेत. चार गडी, दोन जोड्या, समोर बसलेला तो आपला भिडू. प्रतिपक्षाने आपली मेंढी मारली तर आपण हळहळतो. पण भिडूने हातातले हुकूम चुकीच्या वेळी टाकून आपली मेंढी घालवली, तर पारावरचे खेळ मोडतात आणि दोनदोन दिवस अबोला राहतो. नुकसान तेच, एका मेंढीचे. राग मात्र दसपट. हा जो फरक आहे तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

या खेळांत सोबत्याशी आपले नाते कसे जुळते ते पाहण्यासारखे आहे. ते तीन धाग्यांनी विणले जाते. पहिला धागा कामाचा. सोबत्याला एखादे कसब असते आणि त्यावाचून आपले अडते. योशिमो कुलपे उघडतो, जमिनीतले सापळे ओळखतो. तो पुढे चालला म्हणून आपण जिवंत राहतो. दुसरा धागा देण्याचा. चांगली तलवार मिळाली की ती कोणाला द्यायची हे आपण ठरवतो, आणि ज्याला आपण काही दिले त्याच्याविषयी आपल्याला माया वाटू लागते. लोक समजतात की घेणाऱ्याला माया लागते. माझा अनुभव असा की ती देणाऱ्यालाच अधिक लागते. तिसरा धागा बोलण्याचा. २०२३ साली आलेल्या याच मालिकेच्या तिसऱ्या खेळात तर आपण एखादा निर्णय घेतला की कोणत्या सोबत्याला तो रुचला आणि कोणाला खटकला हे तिथल्या तिथे पडद्यावर उमटते. चाळीसपन्नास तास या तीन धाग्यांनी माणूस गुंतत जातो. एवढा वेळ आपण आपल्या सख्ख्या चुलत्याशीही बोललेलो नसतो.

परंतु समोरचा खरा नाही हे ठाऊक असताना मन गुंतते कसे? याचे उत्तर खेळांहून जुने आहे. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले की, नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरच्या व्यक्तींशी प्रेक्षकांचे एकतर्फी पण ओळखीच्या माणसासारखे नाते जडते. १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा संवाद करणारा साधा संगणककार्यक्रम लिहिला. तो आपलेच वाक्य उलटवून प्रश्न विचारत असे, याहून अधिक त्यात काही नव्हते. तथापि वायझेनबॉम यांच्या स्वतःच्या चिटणीसबाईंनी, त्याच्याशी बोलताना, तुम्ही जरा खोलीबाहेर जा, असे त्यांना सांगितले. हे यंत्र आहे हे त्या बाईंना पुरेपूर माहीत होते. आपल्याला दूर जाण्याचेही कारण नाही. निळू फुले यांच्यासारखा सेवादलात घडलेला सज्जन माणूस पडद्यावर पाटलाची नाहीतर सरपंचाची दुष्ट भूमिका करी, आणि खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांच्या नावाने बोटे मोडत. नटाचे सोंग आणि नट यांतला फरक त्यांना कळत नव्हता असे नाही. कळणे डोक्यात होते आणि राग छातीत होता, आणि या दोन खोल्यांमधले दार नेहमीच उघडे असते असे नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सोबत्याने दगा दिला की खेळाडू काय करतात? मी जे पाहिले त्यावरून त्यांच्या वागण्याच्या पाच तऱ्हा सांगता येतील.

पहिली तऱ्हा अशी की खेळाडू काळ मागे फिरवतो. या खेळांत मधल्या मुक्कामाची नोंद ठेवता येते आणि तिथून पुन्हा सुरुवात करता येते. दगा झाला की बहुतेकांचा हात आधी तिकडे जातो. माझे काही चुकले का, मी वेगळे बोललो असतो तर तो राहिला असता का, हे तपासण्यासाठी तो मागे जातो. योशिमोच्या बाबतीत मात्र मूळ खेळात कितीही मागे गेले तरी उपयोग होत नाही. तो खलनायकाच्या मंत्रबंधनात पहिल्या दिवसापासून अडकलेला असतो आणि आज्ञा मोडली तर त्याचा मृत्यू ठरलेला असतो.

दुसरी तऱ्हा खुणा शोधण्याची. तो त्या दिवशी असे का बोलला होता, नेमका तिथेच कसा भेटला होता, असे एकेक आठवून खेळाडू मागची सगळी गोष्ट नव्याने वाचतो. फसवले गेल्याचे दुःख असतेच. परंतु आपल्याला कळले नाही याची लाज त्याहून जास्त बोचते.

तिसरी तऱ्हा सूडाची, आणि ती सांगायला नको. चौथी मात्र मौजेची आहे. तोच खेळ दुसऱ्यांदा खेळताना काही खेळाडू दग्याचा प्रसंग जवळ आला की त्या सोबत्याच्या अंगावरची चांगली शस्त्रे, चिलखत, अंगठ्या अगोदरच काढून घेतात. तोंडाने काही बोलत नाहीत. त्याला बरोबर घेतात, त्याच्याकडून कुलपेही उघडवून घेतात. पण देणे बंद करतात. ही तऱ्हा पाहून मी हसलो आणि नंतर गंभीर झालो, कारण संघटनेतही नेमके असेच होते. ज्याच्यावर संशय आहे त्याला समितीतून काढत नाहीत. फक्त त्याला खऱ्या बैठकीची वेळ कळवत नाहीत.

पाचवी तऱ्हा क्षमेची. योशिमो मरतो तेव्हा त्याचे हृदय आपल्याजवळ ठेवता येते आणि ते एका देवळात नेऊन पोहोचवले तर पुजारी त्याला त्या बंधनातून मुक्त करून शांती देतो. हे न केले तरी खेळ अडत नाही. तरी पुष्कळ खेळाडू वाट वाकडी करून त्या देवळात जातात. इतकेच नव्हे, तर काही खेळाडूंनी स्वतः खपून या खेळात जोडण्याचे भाग लिहिले आणि योशिमोला वाचवण्याची वाट निर्माण केली. कंपनीने ठेवलेली नव्हती ती वाट लोकांनी फितुरासाठी काढली. माणसाच्या स्वभावाबद्दल यातून जे कळते ते मला फार मोलाचे वाटते.

राग इतका तीव्र का असतो, यासंबंधी बोनेट आणि झेकहाउझर या दोन अभ्यासकांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. धोका तेवढाच असला तरी तो दैवाकडून येणार असेल तर माणूस अधिक सहज पत्करतो, आणि दुसऱ्या माणसाकडून येणार असेल तर कचरतो, असे त्यांना आढळले. हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी, असे इथला केळीउत्पादक विचारील. वादळाने बाग आडवी झाली तर तो कपाळाला हात लावतो, पण पुढल्या हंगामात पुन्हा बेणे लावतो. तोच माल व्यापाऱ्याने उचलला आणि पैसे बुडवले, तर त्या व्यापाऱ्याचे नाव तो मरेपर्यंत विसरत नाही. वादळ आपल्याला ओळखत नव्हते. व्यापारी आपल्या ओट्यावर बसून चहा पिऊन गेलेला असतो.

इथपर्यंत खेळाडूंच्या वागण्याची गोष्ट झाली. परंतु हे खेळ रचणाऱ्यांनी फितुरीचा जो विचार केला आहे तो त्याहून खोल आहे, आणि त्यासाठी 'ड्रॅगन एज' या मालिकेतली तीन उदाहरणे मी देणार आहे.

पहिले उदाहरण २००९ सालच्या पहिल्या खेळातले. लोघेन नावाचा सेनापती ऐन लढाईत आपले सैन्य मागे घेतो आणि राजा मारला जातो. पुढे तो आपल्या हाती सापडतो. त्याला मारावे, की आपल्या दलात घेऊन त्याच्या शौर्याचा उपयोग करावा, हे आपल्यावर असते. आपण उदार होऊन त्याला घेतले, तर पहिल्या दिवसापासून एकनिष्ठ राहिलेला आपला सोबती ॲलिस्टर भडकतो आणि आपल्याला सोडून जातो. त्याचे दलातले सोबती त्या लढाईत गेलेले असतात. फितुराला क्षमा केली की निष्ठावंताच्या दृष्टीने आपणच फितूर ठरतो. पुष्कळ खेळाडूंना हा प्रसंग योशिमोच्या दग्यापेक्षा जड जातो, कारण इथे शिवी द्यायला समोर कोणी नसते.

दुसरे उदाहरण २०११ सालच्या दुसऱ्या खेळातले. इझाबेला नावाची सोबतीण एक पवित्र ग्रंथ चोरून पळून जाते आणि शहर संकटात सापडते. ती परत येते की नाही, हे आपण तिच्याशी आधी कसे वागलो यावर अवलंबून असते. या खेळात सोबत्याशी नाते दोन दिशांनी वाढते: एक मैत्रीची आणि दुसरी विरोधाची. तिच्याशी गाढ मैत्री केली असेल तर ती परतते. आणि तिच्याशी वेळोवेळी खडाजंगी केली असेल, पण तिच्या कामात तिला साथ दिली असेल, तरीही ती परतते. ज्याने तिच्याकडे लक्षच दिले नाही त्याच्यासाठी मात्र ती येत नाही. माझ्या तीस वर्षांच्या अनुभवाला हे शब्दशः पटले. बैठकीत माझ्याशी तावातावाने भांडणारा माणूस सहसा फुटत नाही. कोपऱ्यात बसून सही करणारा, ज्याला कोणी कधी काही विचारले नाही, तो एक दिवस दिसेनासा होतो.

तिसरे उदाहरण २०१४ सालच्या तिसऱ्या खेळातले, आणि ते मला सर्वांत जिव्हारी लागले. आयर्न बुल नावाचा एक धिप्पाड सोबती असतो. मी परक्या सत्तेचा हेर आहे, हे तो पहिल्याच भेटीत उघडपणे सांगतो. त्याची स्वतःची एक लढवय्यांची तुकडी असते आणि ती त्याला पोटच्या मुलांसारखी असते. एका प्रसंगी आपल्याला निवड करावी लागते: ती तुकडी वाचवायची, की तिचा बळी देऊन त्या परक्या सत्तेशी मोठा तह पदरात पाडून घ्यायचा. तह मोठा असतो, हिशेबाने पाहिले तर फायद्याचाही असतो. आपण तुकडीचा बळी दिला तर आयर्न बुल काही बोलत नाही, आपल्याबरोबर राहतो. पुढे २०१५ साली आलेल्या पुरवणी भागात वरून हुकूम येतो आणि तो आपल्यावर शस्त्र उगारतो. तुकडी वाचवली असेल तर तोच माणूस तोच हुकूम धुडकावून आपल्या बाजूने उभा राहतो. खेळाडू प्रथम चडफडतात. मग ज्यांना मागची निवड आठवते ते गप्प होतात. दगा आज झाला, पण त्याचे बी आपण पूर्वी स्वतःच्या हाताने पेरले होते.

हे सगळे परदेशी खेळांतले झाले, असे कोणी म्हणेल. आपल्या इतिहासात हे प्रश्न पडद्यावर नव्हे, प्रत्यक्ष रणात सोडवावे लागले आहेत. सूर्याजी पिसाळाने १६८९ साली रायगडाच्या वेढ्यात वतनासाठी फितुरी केली असे परंपरा सांगते. संशोधकांत त्याविषयी मतभेद आहेत, पण लोकांनी त्याचे नावच शिवीसारखे वापरायला घेतले. ही सूडाची तऱ्हा झाली, आणि ती तीन शतके टिकली. याउलट शिवाजी महाराजांचे दोन निर्णय पाहण्यासारखे आहेत.

१६५९ साली अफझलखान चालून आला तेव्हा उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. पुढे ते हाती आले. कान्होजी जेधे हे स्वराज्याचे एकनिष्ठ सेवक. खानाच्या स्वारीत त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू घेतली होती. त्यांनीच खोपड्यांच्या जिवासाठी रदबदली केली. महाराजांनी जीव राखला, परंतु परंपरा सांगते की ज्या हाताने शस्त्र उचलले आणि ज्या पायाने चालून गेले तो एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा दिली. शिक्षा क्रूर होती, आजच्या न्यायात ती बसणार नाही. पण त्यामागची अडचण ओळखा. निष्ठावंताचा शब्द मोडायचा नाही, आणि जे खानाला मिळाले नाहीत त्यांना आपण मूर्ख ठरलो असे वाटूही द्यायचे नाही. ॲलिस्टर आणि लोघेन यांचे कोडे ते हेच.

दुसरा निर्णय नेताजी पालकरांचा. हे स्वराज्याचे सरनौबत. प्रतिशिवाजी म्हणून लोक त्यांना ओळखत. १६६६ साली पन्हाळ्याच्या मोहिमेत ते वेळेवर पोहोचले नाहीत आणि महाराजांनी त्यांना पदावरून दूर केले. ते आदिलशाहीकडे गेले, तिथून मोगलांकडे. आग्र्याहून महाराज निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद केले, धर्म बदलायला लावला, मुहम्मद कुलीखान हे नाव दिले आणि दूर काबुलाकडे पाठवले. १६७६ साली, दहा वर्षांनी, ते परत आले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा आपल्यात घेतले. दहा वर्षे शत्रूच्या छावणीत काढलेल्या माणसाला परत घेताना महाराजांच्या मनात काय होते हे कोणी सांगू शकणार नाही. पण त्यांना आपला १६६६ सालचा राग आठवला नसेल असे मला वाटत नाही.

हिशेबी माणसाला भावनेची उदाहरणे पुरत नाहीत, म्हणून एक हिशेबाचेही उदाहरण देतो. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या प्राध्यापकांनी संगणकावर एक सामना भरवला. दोन पक्ष, प्रत्येक डावात साथ द्यायची की दगा द्यायचा ते ठरवायचे, आणि असे पुष्कळ डाव खेळायचे. जाणकारांनी मोठमोठ्या युक्त्या पाठवल्या. जिंकली ती सर्वांत साधी युक्ती, अनातोल रॅपोपोर्ट यांची. तिचे नाव आपल्या भाषेत 'जशास तसे' असे होईल. पहिल्या डावात साथ द्या; पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केले ते करा. दुसऱ्यांदा सामना भरवला तेव्हाही तीच जिंकली. लोक यातला दंड लक्षात ठेवतात. पण या युक्तीचे बळ आणखी दोन गोष्टींत आहे: ती स्वतः होऊन आधी दगा देत नाही, आणि समोरचा वळला की जुने उकरीत न बसता ताबडतोब वळते.

मात्र संगणकाच्या सामन्यात कोणाला भूक लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. महिन्यांमागून महिने गेले, दागिने गेले, गावाकडच्या जमिनी गेल्या. त्यात जे कामावर परतले त्यांना संपफोडे म्हटले गेले. त्यांतले काही लालचीने गेले असतील. पुष्कळ जण चूल पेटेना म्हणून गेले. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांचे दार ओलांडणे सारखेच दिसते. खेळ रचणारा निदान योशिमोच्या गळ्यातले बंधन आपल्याला दाखवतो. जिवंत माणसाच्या गळ्यातले बंधन दाखवायला कोणी येत नाही. ते आपणच जाऊन विचारावे लागते.

ते मी विचारले नाही, हे आता सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप होता. पाच जणांची समिती होती. एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे समितीतल्याच एकाने मागल्या फाटकातून तीस माणसे आत नेली आणि वेगळ्या करारावर सही केली. संप मोडला. अकरा माणसांची नोकरी कायमची गेली. फाटकावरच्या फळ्यावर त्याचे नाव मी माझ्या हाताने लिहिले. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाला आमच्यापैकी कोणी गेले नाही. बसथांब्यावर तो दिसला की मी तोंड फिरवीत असे. योशिमोच्या बाबतीत माझ्या भाच्याने जे केले तेच मी वीस वर्षे केले.

आयर्न बुलचा प्रसंग पाहिल्यावर मी एका रात्री मागचा हिशेब पुन्हा मांडला. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या घरी आला होता. बायकोची शस्त्रक्रिया होती. त्याने संघर्षनिधीतून उसने मागितले. निधी व्यक्तिगत अडचणीसाठी नसतो, असे मी त्याला सांगितले. नियम तोच होता. मी चूक बोललो नव्हतो. पण त्यानंतर तो कुठून पैसे आणणार आहे, हे मी विचारले नाही. दवाखान्यातही गेलो नाही. पैसे त्याला कुठून मिळाले ते पुढे त्या पहाटे सर्वांना कळले.

गेल्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा केला. बराच वेळ आम्ही पावसापाण्याचे बोललो. उठताना मी दवाखान्याचा विषय काढला. तो म्हणाला, "तुम्ही आलात, बरं केलं. पण मी केलं ते केलंच. ते काही धुतलं जात नाही." त्याने माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. फाटकापर्यंत तो सोडायला आला.

गोष्ट इथे संपली असती तर तुम्हांला आणि मला बरे वाटले असते. पण त्या अकरांपैकी एक माझा जुना सहकारी आहे. नोकरी गेल्यावर त्याने बाजारसमितीत पोती वाहून मुले शिकवली. मी त्या घरी गेलो होतो हे कळल्यावर तो मला एवढेच म्हणाला, "तुझं काय गेलं होतं रे?" तेव्हापासून त्याने माझ्याकडे येणे सोडले आहे. मी त्याच्याकडे जातो. तो पाणी देतो, फारसे बोलत नाही. त्याचा राग चूक आहे असे मी म्हणणार नाही. क्षमा करण्याचा अधिकार माझ्या वाट्यापुरताच होता, आणि माझा वाटा सर्वांत लहान होता. हे मला आधी सुचायला हवे होते. आधी त्या अकरा जणांकडे जायला हवे होते.

म्हणून या खेळांकडे केवळ पोरांचा वेळखाऊ नाद म्हणून पाहू नका, अशी माझी विनंती आहे. त्यात वेळ जातो, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हे सगळे खरे आहे आणि त्याला आवर घातलाच पाहिजे. पण तुमचा मुलगा किंवा मुलगी एखाद्या रात्री त्या पडद्यासमोरून चिडून उठली, तर आधी विचारा, कोणी दगा दिला? आणि मग विचारा, तू काय केलेस? मागे फिरलास, सूड घेतलास, की त्याचे हृदय देवळात नेलेस? या प्रश्नांचा सराव पडद्यावर फुकट होतो. तिथे चुकले तर मागच्या मुक्कामावरून पुन्हा निघता येते.

आणि जे संघटना चालवतात, मग ती कामगारांची असो, पतपेढी असो, की गणेशमंडळ असो, त्यांना एवढेच सांगतो. फितुराला ओळखण्याची विद्या आपण फार शिकलो. जो अजून फितूर झालेला नाही, पण तीन आठवड्यांपूर्वी आपल्या दारात येऊन रिकाम्या हाताने परत गेला, त्याला ओळखण्याची विद्या शिकायची राहिली आहे. आपल्या समितीत असा कोण आहे, याचा विचार आज घरी जाताना करावा. आणि सुचलेच कोणी, तर उद्याची वाट न पाहता त्याच्या दारावरून जावे.